बिनभाड्याचे शेजारी

भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी जे म्युझियम आहे, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तिथे १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ माणसे जमली. त्यांत डॉक्टर होते, लष्करातला एक कर्नल होता, कस्टम खात्यातला एक अधिकारी होता. महिन्यातून एकदा भेटायचे, कोणाला काय दिसले ते सांगायचे, सापडलेले किडे, शिंपले, साप एकमेकांना दाखवायचे, एवढाच त्यांचा बेत होता. सरकारी हुकूम नव्हता, देणगी नव्हती, स्वतःची जागाही नव्हती. त्या हौशी बैठकीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली.

आठांपैकी दोघे मराठी होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे हे धाकटे भाऊ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ते वैद्य तसेच वनस्पतींचे जाणकार होते आणि मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ साली छापली होती. समाजसुधारणेच्या इतिहासात हे दोघे हमखास भेटतात. आत्माराम पांडुरंग प्रार्थना समाजाच्या प्रकरणात, सखाराम अर्जुन सावत्र मुलीच्या, म्हणजे रखमाबाईंच्या गाजलेल्या खटल्यात. पक्षी, फुलपाखरे आणि झाडपाल्याच्या इतिहासात मात्र त्यांची आठवण कोणी काढत नाही. निसर्ग बघत बसणे हा साहेबांचा शौक, आपला नव्हे, ही समजूत इतकी पक्की बसली आहे की पहिल्याच बैठकीला हजर असलेली आपली माणसेही आपल्याला दिसत नाहीत.

सोसायटीला जागा मिळाली ती एका दारूच्या व्यापाऱ्याकडे. हर्बर्ट फिप्सन याचा फोर्टात वाइनचा धंदा होता. जानेवारी १८८४ मध्ये त्याने आपल्या दुकानातली एक खोली सोसायटीला वापरायला दिली. पेंढा भरलेले पक्षी आणि स्पिरिटच्या बाटल्यांतले साप यांचा संसार तिथे वाढत गेला. १८९४ साली कारवारकडून महाधनेशाचे एक पिल्लू आले. त्याचे नाव ठेवले विल्यम. पुढची २६ वर्षे विल्यम ऑफिसातच राहिला. फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेलायचा. मुंबईच्या ऐन व्यापारी पेठेत, हिशेबाच्या वह्यांच्या सोबतीने, पश्चिम घाटातला एक रानपक्षी पाव शतक नांदला. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज धनेश आहे आणि काळा घोड्याजवळच्या तिच्या इमारतीचे नाव आहे हॉर्नबिल हाऊस.

इथे थोडे आडवळण घ्यायला हरकत नाही. हा फिप्सन पुढे १८८९ मध्ये एडिथ पीची यांच्याशी विवाहबद्ध झाला. कामा हॉस्पिटलात काम करण्यासाठी मुंबईत आलेल्या या डॉक्टरबाईंनीच रखमाबाईंना लंडनला वैद्यकी शिकायला जाण्यासाठी मोठी मदत केली. म्हणजे फुलपाखरे टाचणीला टोचणारे आणि संमतीवयावर वाद घालणारे लोक या शहरात एकाच दिवाणखान्यात बसत होते. त्या काळची मुंबई तेवढी लहान होती.

त्या आठांतला कस्टमवाला म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकन. घराशेजारच्या प्राण्यांची कथा खरी सुरू होते ती त्याच्यापासून. जन्म १८५१, साताऱ्याचा. वडील स्कॉटिश मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यात, मग काही वर्षे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवणे आणि नंतर कस्टम व मीठ खात्यातली नोकरी. या नोकरीने त्याला खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, रत्नागिरी, मुंबई असे फिरवले. मिठागरांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला संध्याकाळी दुसरे करण्यासारखे फारसे काही नसते. एटकन व्हरांड्यात बसायचा आणि आजूबाजूला काय चालले आहे ते बघायचा.

१८८३ मध्येच त्याचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटिअर' हे पुस्तक आले. लेखकाच्या नावाच्या जागी तीनच अक्षरे होती: ईएचए. त्या काळी इंग्रज लेखक हिंदुस्थानातल्या प्राण्यांवर लिहायचा तो वाघ, हत्ती किंवा गवा बंदुकीच्या टप्प्यात आला की. ईएचएच्या पुस्तकात उंदीर आहेत, डास आहेत, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, कोळी, बेडूक आणि वाळवी आहे. पुस्तकाचे उपशीर्षक सांगते की ही एका निसर्गप्रेमी गृहस्थाची परराष्ट्रनीती आहे. बंगला म्हणजे साम्राज्य, त्याच्या सीमेवर राहणाऱ्या या टोळ्या, कोणाशी तह करायचा, कोणावर मोहीम काढायची याचा हा खुमासदार हिशेब. कावळ्याचे आगाऊपण किंवा न्हाणीघरातल्या बेडकाची बैठक त्याने ज्या बारकाईने टिपली, तितक्या बारकाईने त्याच्या आधी या देशातल्या रोजच्या प्राण्यांवर फार थोड्यांनी लिहिले होते.

पण ही सीमेवरच्या टोळ्यांची गंमत अगदी निर्मळ नाही. १८८९ मध्ये त्याने 'बिहाइंड द बंगलो' लिहिले. त्यात बॉय, धोबी, माळी अशी घरात राबणारी माणसे आहेत आणि त्यांच्याकडे बघणारी नजर तीच, कावळ्या-उंदरांकडे बघणारी. प्राण्यांवर लिहिताना जी मिस्कील वाटते, ती भाषा माणसांवर आली की आज वाचवत नाही. त्याच्या निसर्गलेखनाची थोरवी मान्य करतानाही हे सांगायलाच हवे.

सन १९०० मध्ये त्याचे 'द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' निघाले. दुर्मीळ पक्षी त्याने बाजूला ठेवले. खिडकीतून, गच्चीवरून, ऑफिसला जाताना जे दिसतात त्यांचीच ओळख त्याने करून दिली. शहरातल्या साध्या वाचकासाठी लिहिलेले मुंबईच्या पक्ष्यांचे असे पुस्तक तोवर नव्हते.

आता त्याच काळात गिरगावातल्या, काळबादेवीतल्या मराठी बिऱ्हाडांत काय चालले होते? तिथेही हेच शेजारी होते, फक्त त्यांच्याशी नाते वेगळे होते. भिंतीवर किंचित पुढे झुकवून टांगलेल्या देवांच्या आणि वाडवडिलांच्या तसबिरींमागे चिमण्या घरटी करायच्या. काड्या, पिसे, दोऱ्याचे तुकडे खाली पडायचे, बायका कुरकुरत केर काढायच्या, पण अंडी असलेले घरटे सहसा कोणी मोडत नसे. गॅलरीत सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले की कण्या चिमण्यांच्या. पितृपक्षात कावळ्याची मनधरणी. पाल चुकचुकली की बोलणे थांबायचे. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार. शेणाच्या आणि मेणाच्या घराची चिऊ-काऊची गोष्ट ऐकल्याशिवाय तर मूल जेवतच नसे. जगण्यात हे प्राणी पुरेपूर मुरले होते. लिहून मात्र कोणी ठेवले नाही. अमुक चाळीत तमुक साली किती चिमण्या होत्या, हे सांगणारी एक वही आज सापडली तर अभ्यासक ती डोक्यावर घेऊन नाचतील.

कावळ्याचेच बघा. डोमकावळा रानावनाकडचा, पण राखाडी मानेचा गावकावळा माणसाला सोडून राहत नाही. मुंबईत तो काटक्यांऐवजी तारा वापरतो. बांधकामावर पडलेल्या लोखंडी तारा, हँगर, केबलचे तुकडे चोचीने वाकवून तो घरटे गुंफतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका चष्म्याच्या दुकानाच्या उघड्या खिडकीतून कावळ्यांनी फ्रेमा पळवून त्यांचेच घरटे केल्याची नोंद पक्ष्यांवरच्या जुन्या पुस्तकांत आहे. एवढा चलाख पक्षी, पण पावसाच्या तोंडावर कोकिळा त्याच्याच घरट्यात अंडे घालून जाते आणि कावळीण ते उबवते. काळा कुळकुळीत नर 'कुहू' करीत कावळ्यांना मागे लावतो, अंगभर ठिपके असलेली मादी तेवढ्यात आपले काम उरकते. मे-जूनमध्ये इमारतीच्या आवारातल्या आंब्यावर किंवा पिंपळावर हा प्रकार कोणालाही बघता येतो. तिकीट नाही.

खेतवाडीत मामाच्या घरी वाढणारा एक पोरका मुलगा १९०६-०७ च्या सुमारास छऱ्याची बंदूक घेऊन चिमण्या टिपायचा. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात एका जोडीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर बसलेला. मुलाने गाडीआड लपून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही बाहेर येऊन पहाऱ्याला बसला. त्यालाही टिपले. सात दिवसांत आठ नर गेले आणि दर वेळी नवा हजर झाला. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या पोराने हे सगळे वहीत लिहून ठेवले, आणि सुमारे साठ वर्षांनी ते टिपण पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात जसेच्या तसे छापले गेले. मुलाचे नाव सालिम अली.

१९०८ मध्ये त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्याखाली पिवळा डाग दिसला. ही कसली चिमणी, हे मामांना, म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजींनाही सांगता येईना. ते सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डनी चिमणी ओळखली, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. त्यांत ईएचएचे 'कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' होते. पुढे १९४० च्या दशकात याच पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, शीर्षकात बॉम्बेच्या जागी इंडिया आले आणि तिचे संपादन केले सालिम अलींनी.

सालिम अली म्हटले की लोकांना हिमालय, भरतपूर, कच्छचे रण आठवते. पण त्यांना नाव मिळवून देणारे सुगरणीवरचे काम १९३० मधले, अलिबागजवळच्या किहीमचे. नोकरी गेल्यावर ते तिथे येऊन राहिले होते आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणून दुसरीची वाट बघतो, हे त्यांनी रोज बसून पाहिले. फार लांब जावे लागले नाही.

आता मिलार्ड यांच्याविषयी. त्यांना पक्ष्यांइतकाच झाडांचा नाद होता. सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्यासह त्यांनी भारतातल्या फुलझाडांवर लिहिले आणि १९३७ मध्ये त्याचे देखणे पुस्तक झाले. मुंबईच्या रस्त्यांवरची बरीचशी सावली परदेशी आहे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने शेकडो पर्जन्यवृक्ष वाळले, तेव्हा कुठे लोकांनी मान वर करून बघितले की आपल्या गल्लीवरचे छप्पर एका झाडाचे होते. आपले तामण, ज्याला राज्यफुलाचा मान आहे, मे महिन्यात जांभळ्या फुलांनी भरते. पण रस्त्यावरून जाणाऱ्या दहा माणसांना त्याचे नाव विचारून पाहावे.

मराठी निसर्गलेखनाबद्दल इथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला गेले, मारुती चितमपल्लींनी नवेगाव बांधचे रान मराठीत आणले, आणि ते ऋण मोठेच आहे. पुण्याहून १९२८ पासून निघणाऱ्या 'सृष्टिज्ञान'ने विज्ञान घराघरांत नेले. तरी शहरातल्या घराच्या चार भिंतींभोवतीचा निसर्ग आपल्याकडे पुस्तकाचा विषय क्वचितच झाला. जंगलात गेल्याशिवाय निसर्ग भेटत नाही, असे वाचकांनीही धरून ठेवले.

हे असे धरून ठेवणे महागात पडते, आणि त्याचा पुरावा मलबार हिलवर आहे. ईएचएच्या मुंबईत गिधाड 'कॉमन' होते. पारशी समाजाच्या डुंगरवाडीवर सतराव्या शतकापासून दोखम्यांत, म्हणजे उघड्या मनोऱ्यांत, मृतदेह ठेवले जात आणि ते संपवण्याचे काम गिधाडे पार पाडत. १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. कारण उलगडले २००४ मध्ये, जनावरांसाठीच्या औषधावर भारतात बंदी आली २००६ मध्ये. तोवर डुंगरवाडीवर सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली होती.

गिधाडे संपत आहेत हे आधी लक्षात कसे आले? सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे मोजून ठेवली होती. दशकभराने पुन्हा मोजली आणि दोन आकडे शेजारी ठेवले. जुना आकडा होता म्हणून घट दाखवता आली. मुंबईतल्या चिमण्यांचा असा जुना आकडा कोणाकडे नाही. त्यामुळे चिमण्या गेल्या म्हणणाऱ्यांना नक्की किती गेल्या हे सांगता येत नाही. २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालाचा निष्कर्ष असा, की देशभरात चिमणी साधारण टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत ती घटली आहे. काचेच्या सपाट भिंतींच्या इमारतीत घरट्याला फट नाही, पाकिटातल्या निवडलेल्या तांदळाला कण्या नाहीत, आणि पिल्लांना भरवायला लागणाऱ्या अळ्या फवारणीने मरतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरटी लोकांपर्यंत नेली. २० मार्च हा चिमणी दिवस २०१० पासून साजरा होऊ लागला तो त्यांच्याच खटपटीतून.

चिमणीच्या रिकाम्या जागेवर कबुतर बसले. उंच इमारतींचे कंगोरे, एसीचे डबे आणि भूतदयेपोटी ओतलेली धान्याची पोती एवढ्यावर त्याचे भागते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, आंदोलने झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. फुप्फुसांचे विकार एका बाजूला, जीवदया दुसऱ्या बाजूला. दाणे टाकणे म्हणजे निसर्गप्रेम नव्हे, हे मत इथे स्पष्ट मांडलेले बरे. एकाच जातीला पोसले की बाकीच्यांची जागा जाते.

गेल्या तीस वर्षांचा जमाखर्च केवळ तोट्याचा नाही. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलावर रोहित उतरू लागले. शहराच्या सांडपाण्याने खाडीत वाढलेले शेवाळ हे त्यांचे खाद्य, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपली घाण कोणाच्या तरी कामी आली. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कुर्ल्याहून लोकल पकडणाऱ्या माणसाला गुलाबी पक्ष्यांचा थवा बघायला अर्धा दिवस पुरतो.

आणि बिबट्या. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचे, तीन बाजूंनी वस्तीने वेढलेले. आरे, मुलुंड, ठाण्याच्या सोसायट्यांचे सीसीटीव्ही रात्री त्याला टिपतात. भटके कुत्रे हे त्याचे हुकमी अन्न. २००४ मध्ये हल्ल्यांत बळी गेले तेव्हा शहर हादरले. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यानेच तंटा वाढतो, हे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले, आणि २०११ पासून वनखाते, संशोधक व रहिवासी यांनी मिळून कचरा हटवणे, लहान मुलांना अंधारात एकटे न सोडणे, बिबट्या दिसला तर घोळका न करणे, असे साधे उपाय लोकांना सांगायला सुरुवात केली. आरेतल्या वारली पाड्यांना यात नवे काही नव्हते. तिथे वाघोबाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शेजाऱ्याचा मान राखायचा आणि त्याच्या वाटेत यायचे नाही, हा त्यांचा रिवाज.

इतके लांब जायचे नसेल तर कढीपत्त्याची कुंडी पुरे. पान उलटून पाहिले तर कधीतरी पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. बोटाने हलकेच डिवचले तर डोक्यामागून लालसर दुबेळके शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ही कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. थोड्या दिवसांत कात टाकून ती हिरवी होते आणि पानात अशी मिसळते की शोधावी लागते. फोडणीला दोन पाने कमी पडतील, पण कोष आणि त्यातून निघणारे काळे फुलपाखरू घरबसल्या बघायला मिळते. तिचीच मोठी नातेवाईक ब्लू मॉरमॉन २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. तिच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतालचे पक्षी मोजण्याचा कार्यक्रम असतो. भारत त्यात २०१३ पासून सहभागी आहे. खिडकीशी किमान पंधरा मिनिटे बसायचे, दिसतील ते पक्षी आकड्यासह ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. नाव ठाऊक नसेल तो पक्षी सोडून दिला तरी चालते. मोबाइल नको असेल तर साधी वही आणि तारीख पुरे. फक्त कावळे आणि कबुतरे गाळू नका.